आईचा मुक्काम

फोनवरच्या बाईने माझ्या आडनावाशी थोडी झटापट केली, मग ते सोडून दिलं आणि विचारलं, ‘तुम्ही विभावरींची मुलगी ना?’ आईचं नाव मात्र तिने स्वच्छ उच्चारलं. म्हणजे ते तिला कुणीतरी समोर बसून शिकवलं होतं. ‘आल्झो,’ आपल्या ‘तर’सारखं म्हणत ती पुढे बोलली, ‘मी हॅनोव्हर स्टेशनवरून बोलतेय. अडलेल्या प्रवाशांसाठी इथे आमचं मदतकेंद्र आहे. घाबरण्यासारखं काही नाही. तुमची आई आमच्याकडे आहे.’ घाबरण्यासारखं काही नाही, असं जर्मनमध्ये ऐकलं की मी जास्तच घाबरते, कारण ही माणसं उगीच कुणाला धीर देत नाहीत. कौमुदी माझ्या खांद्यावर होती. दूध पिऊन झालं होतं, ढेकर यायची होती, आणि तिच्या पाठीवर थोपटणारा माझा हात थांबला. थांबल्याबरोबर तिने सूर लावला. बाईंनी त्या रडण्याच्या वर आवाज चढवला. ‘त्या ठीक आहेत. चहा प्यायल्यात. सगळ्यांचे कपही त्यांनी विसळून ठेवले, आम्ही नको नको म्हणत असताना. मग बाकावर चादर अंथरून आडव्या झाल्या. आज रात्री झोपणार कुठे, असं विचारलं तर म्हणाल्या, इथेच. पण आमच्याकडे झोपायची सोय नसते. त्यांचं कुठे बुकिंगही नाही. हे तुम्हाला माहीत आहे का?’ माहीत नव्हतं. आई हॅनोव्हरला पोचलीय हेसुद्धा माहीत नव्हतं. ती फोन बंद ठेवते, बॅटरी वाचवायला, आणि मला वाटतं, आम्हाला चुकवायलाही. ‘तुम्ही हो म्हणालात तर आमची एक सहकारी त्यांना पुढच्या गाडीत बसवून देईल. न्यूरेनबर्गला उतरवून घ्यायला तिथलं माणूस येईल. तिथून तुमचं एर्लांगेन काही लांब नाही. पाठवून देऊ का?’

‘एक मिनिट हं,’ मी म्हटलं. जर्मनमध्ये म्हणायचं ते मराठीतच म्हटलं, पण बाईंना कळलं, त्या थांबल्या. मला आधी लाज वाटली, हे खरं आहे. डोळ्यांपुढे उभी राहिली ती स्टेशनवरची आई. पंजाबी ड्रेस, पायात पुण्याहून आणलेले पांढरे बूट, उशाला माझ्या नवऱ्याची, हृषिकेशची जुनी ट्रेकिंगची सॅक, अंगाखाली सोलापुरी चादर. बाजूला दाढी वाढलेले, प्लास्टिकच्या पिशव्या सांभाळणारे चार लोक. आणि ती त्यांच्यातलीच एक, असं समजून तिच्याशी हळू आवाजात, सोप्या शब्दांत बोलणाऱ्या या भल्या बायका. माझ्या आईला त्यांनी बेघर ठरवलं होतं. पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट असलेली, तीस वर्षं सरकारी नोकरी करून पेन्शन घेणारी माझी आई! आणि त्या लाजेच्या खालून, कुठून कोण जाणे, हसू वर यायला लागलं. कारण तिने तिथे नेमकं काय पाहिलं असेल ते मला दिसत होतं. आत शिरताना कुणी अडवलं नाही, पैसे मागितले नाहीत, आल्याआल्या चहा दिला. आईच्या हिशेबाने ही धर्मशाळा होती. आणि धर्मशाळेत चहा प्यायला की कप आपला आपण विसळायचा असतो.

माझ्या बाळंतपणाचा सव्वा महिना पुरा झाला त्या सकाळी आईने हे फिरणं मनावर घेतलं. म्हणजे ठरवलं कधी होतं मला माहीत नाही, सांगितलं तेव्हा. ती ओट्याशी उभी राहून अळिवाचे लाडू वळत होती, मी कौमुदीला घेऊन टेबलाशी बसले होते. ‘झाला गं तुझा सव्वा महिना,’ ती म्हणाली, ‘माझं काम संपलं.’ ‘म्हणजे?’ ‘म्हणजे व्हिसा अजून बराच आहे. मी जरा फिरून येते.’ मी म्हटलं, हृषिकेश नेईल की शनिवार-रविवारी, रोथेनबुर्ग बघ, म्युनिक बघ. आईने लाडू ताटात ठेवला, हात धुतले, पुसले. ‘तो नेईल तिथे मी नेल्यासारखी जाऊन येईन. मला जायचंय, ऋचा. जायचंय आणि नेलं जायचंय यात फरक असतो.’ हृषिकेश संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्याला वाटलं तीर्थयात्रेसारखं काहीतरी असेल, चांगलं हॉटेल बुक करून देऊ. ‘आई, तुम्ही फक्त गावं सांगा, मी सगळं ऑनलाइन करून देतो.’ तर ती म्हणाली, ‘अहो, हॉटेलात निजायला एवढे पैसे घालायचे? डोळे मिटल्यावर सगळ्या खोल्या सारख्याच. पाठ टेकायला जागा आणि सकाळी गरम पाणी, एवढं मी शोधीन माझं मी.’ हृषिकेशने माझ्याकडे पाहिलं. मी कौमुदीकडे पाहिलं. पुण्याहून बाबा स्काइपवर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. ‘विभा, तू बाळंतपणाला गेलीयस की देशाटनाला?’ ‘बाळंतपण झालं,’ आई म्हणाली, ‘आता देशाटन.’ सासूबाईंनी तर दुसऱ्या दिवशी मला खास फोन केला. ‘विहीणबाईंची कमाल आहे हो. आमच्यात बाळंतिणीला तीन महिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. असो. ज्याची त्याची हौस.’ त्या ‘असो’ची धार मला बरेच दिवस पुरली.

मी तिला थांब म्हटलं नाही. म्हणायला तोंड उघडत होते आणि दुसरंच काहीतरी बोलत होते, छत्री घेतलीस का, औषधं घेतलीस का. ती गेली आणि घर एकदम मोठं झालं. आमची ही दोन खोल्यांची जागा, खाली सायकली लावायची आडवी नळी, समोर कंपनीच्या बसचा थांबा, सगळं होतं तिथेच होतं, पण मधली हवा वाढली. कौमुदीला आंघोळ घालायची तेव्हा आई जमिनीवर बसायची, पाय लांब सोडून त्यांच्या पन्हळीत तिला पालथी घ्यायची, आणि ती पोरगी गरम पाण्याखाली अशी शांत व्हायची की जणू कुणी तिला गोष्ट सांगतंय. ते मला येत नव्हतं. हेबामे, म्हणजे इथली घरी येणारी सुईण, तिने मला टबातली आंघोळ शिकवली होती, मनगटावर मान, बोटांनी दंड धरायचा. मी ती रोज घालत होते आणि रोज वाटत होतं, पोर हातातून माशासारखी सुळकन् निघेल, पाणी नाकात जाईल, मी एकटी, दार आतून लावलेलं. आईचा फोन आला की मात्र म्हणायचे, ‘मजेत आहोत. तुझं सांग.’

आणि ती सांगायची. पहिला मुक्काम बाम्बेर्गला, एका क्लोस्टरमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात. तिने चर्चच्या दारात एका म्हातारीला गाठून विचारलं होतं, इथे बायकांनी राहायचं कुठे? म्हातारीने हात धरून नन्सच्या दारात नेऊन सोडलं. पलंग, टेबल, भिंतीवर येशू, बास. पैशाचं विचारलं तर, जमेल तेवढं डब्यात टाका म्हणाल्या. आईने टाकलं, आणि शिवाय दुपारभर त्यांच्याबरोबर बटाटे सोलले. ‘सोलाण्याने नाही गं सोलत त्या, छोट्या सुरीने. सालं अशी पातळ की पलीकडचं दिसेल.’ पुढे युगेंडहेरबेर्गे, म्हणजे तरुण पोरापोरींचं वसतिगृह. तिथे एका खोलीत दुमजली पलंग, कोरियाच्या मुली. आईला वरचा पलंग मिळाला. खालची मुलगी म्हणाली, बदलून देते. आई म्हणाली, नो, नो, आय वाँट अप. फोटोत ती वरच्या पलंगावर पाय खाली सोडून बसलीय, मंगळसूत्र ड्रेसच्या बाहेर आलंय, आणि हसते आहे अशी, की तो चेहरा मी लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पाहिलेला नाही. ग्योटिंगेनला तर तिने कहरच केला. बसथांब्यावर एका बाईशी ओळख काढली. ओळख काढणं हा आईचा हातखंडा. तुम्ही मूळच्या कुठल्या, माहेर कुठलं, मुलं किती, काय करतात. जर्मन बाईला असलं कुणी विचारत नाही. ती आधी बावरली म्हणे, मग सांगतच सुटली. तिची भाडेकरू विद्यार्थिनी सुट्टीला घरी गेली होती, खोली रिकामी होती. ‘चादरीच्या धुलाईचे घेतले फक्त,’ आई म्हणाली, ‘आणि तिचं माहेर पोलंडच्या बाजूचं. युद्धानंतर, लहानपणी हाकललं त्यांना तिथून. मला रडायलाच आलं.’ मी फोन ठेवायचे आणि त्या रिकाम्या, मोठ्या घरात उभी राहायचे. वाटायचं, ही माझी आई आहे. खिडकी उघडून खालच्या सायकलवाल्यांना ओरडून सांगावं, ही माझी आई आहे. आणि त्याच छातीत, त्याच जागी, लहान मुलासारखं काहीतरी पाय आपटत असायचं. आणि मी?

मी तिला ‘फिरायला गेलेली’ अशी कधी पाहिलीच नव्हती. लहानपणी आई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. ती ट्रंक बोर्डावर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. पिंपरीच्या कारखान्यातल्या साहेबांना जर्मनी लागायची, पुण्याहून ती मुंबईला मागायची, मुंबई पुढे. तिला श्टुटगार्ट आणि हॅनोव्हर ही गावं आवाजाने ठाऊक होती. एकदा माझ्या शाळेच्या नकाशात तिने हॅनोव्हर बोट ठेवून शोधलं आणि म्हणाली, ‘हे होय! मला वाटायचं समुद्राकाठी असेल. आवाजात खरखर फार यायची.’ इतरांना एवढ्या लांब पोचवणारी ही बाई स्वतः कुठे जायला निघाली की परत बोलावली जायची. मी आठएक वर्षांची असताना खात्याने तिला ट्रेनिंगला जबलपूरला पाठवलं. ती किती आनंदात होती! नवा होल्डॉल घेतला होता. रविवारी सगळ्याजणी भेडाघाटचा धबधबा बघायला जाणार होत्या. तिकडे पोचून दुसराच दिवस असेल, इकडे मला गोवर निघाला. बाबांनी तिच्याच एक्स्चेंजला फोन केला, तिच्याच मैत्रिणींनी लाइन जोडून दिली, ‘विभा, घरून कॉल आहे.’ ती आली. माझ्या उशाशी बसली, कडुलिंबाचा पाला हलवत राहिली. मला आठवतंय, ती आल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं की ताप असूनही मी खुशीत होते. तिचा भेडाघाट राहिला. त्याआधी कॉलेजची सहल अर्धी सोडून आली होती, पाहुणे बघायला येणार म्हणून. नंतर कोल्हापूरला मावशीकडे गेली, तर आजी न्हाणीत पडली. कुणीच खोटं कारण देऊन तिला बोलावलं नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. म्हणून तर तिला कधी चिडताही आलं नाही. टीव्हीवर कुठलाही धबधबा लागला की ती म्हणायची, ‘भेडाघाट असाच असेल का?’ आणि उठून कुकर लावायला जायची.

आताही कारण खरंच होतं. ते माझ्या खांद्यावर लालबुंद होऊन रडत होतं. माझे टाके अजून ओढत होते, हृषिकेशच्या कंपनीत कसलीशी डिलिव्हरी होती, तो अंधार पडल्यावर उगवत होता, आणि सकाळपासून मी केसांना कंगवा लावलेला नव्हता. पलीकडे एक भली बाई विचारत होती, पाठवून देऊ का. एका हो-चा प्रश्न. शिवाय दोष माझ्याकडे आलाच नसता. मी बोलावलं नाही, त्यांनीच पाठवलं. उद्या या वेळी आई या जमिनीवर पाय लांब करून बसलेली असती. मला तिच्या साडीच्या घडीचा, डोक्याच्या तेलाचा वास आला, इतक्या लांबून. हो म्हणायला मी तोंड उघडलं. मी म्हटलं, ‘आईशी बोलू शकते का मी?’

‘काय गं ऋचे!’ आईचा आवाज असा आला जणू तिने शेजारच्या खोलीतून हाक मारली. ‘या बायकांनी उगीच तुला त्रास दिला. मी सांगत होते, माय डॉटर न्यू मदर, डोन्ट डिस्टर्ब. ऐकतायत कुठे.’

‘आई, तू स्टेशनवर झोपणार होतीस?’

‘अगं, स्टेशनवर काय, चांगली खोली आहे. स्वच्छ संडास आहे. मला वाटलं धर्मशाळाच आहे इथली.’

‘त्यांना वाटलं तुला घरच नाही.’

‘हो?’ आई म्हणाली. मला वाटलं तिला लागलं. मग फसकन हसू ऐकू आलं. ‘म्हणून त्या मुलीने मला मोजे दिले होय! मी म्हटलं काय प्रेमळ पोरगी आहे. लोकरीचे आहेत गं, हाताने विणलेले. आता परत कसे करू? घातले ना मी!’

मीही हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आईने बहुतेक माझं हसणं नाही, त्याच्या मागचं रडणं ऐकलं.

‘कळ आलीय का तिला? बेंबीला हिंग लावलास?’

‘लावला.’

‘आंघोळीला मान नीट धरतेस ना?’

‘धरते.’

‘ऋचा.’ आता तो आवाज ट्रंक बोर्डावरचा झाला, सपाट, स्पष्ट, खरखर कापून पलीकडे पोचणारा. ‘खरं सांग. येऊ का मी परत?’

मी विचारलं, ‘तुला यायचंय?’

कुणी तिला हे कधी विचारलं असेल असं वाटत नाही. मग तिने दुसरंच सुरू केलं, भराभर, आवाज थोडा खाली आणून. ‘ही मघाची बाई सांगत होती, इथून पुढे माळाकडे शेतकरी आहेत, ते पेंढ्यात झोपू देतात. हॉयहोटेल म्हणे. गवताचं हॉटेल! अगदी स्वस्त. आपली झोपायची पिशवी घ्यायची आणि सरळ गवतात शिरायचं. गोठ्याच्या वर माडीसारखं असतं. सकाळी न्याहारी, त्यांच्याच गाईचं दूध. लहान गाडी जाते तिकडे, आत्ता आहे एक. मी आपलं विचारून ठेवलं नुसतं. तू म्हणशील तर मी काही, म्हणजे माझं काय, मी बघितलंय भरपूर...’ ती थांबली. बासष्ट वर्षांची बाई, आणि होल्डॉलचे पट्टे आवळून दारात उभी असल्यासारखी, घरातून हाक येते की काय म्हणून कान देत.

‘येऊ नकोस,’ मी म्हटलं.

‘काय? ऐकू येत नाही, ती रडतेय.’

‘येऊ नकोस म्हणतेय! गवतात झोप!’

‘अगं, पण किती रडतेय ती...’

‘रडू दे. तिची आई आहे इथे.’

हे मी बोलले. बोलून झाल्यावर खोलीभर पाहिलं, की कोण बोललं. आईने एक श्वास घेतला, तो मला इतक्या मैलांवरून दिसला. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘बरं, मग ठेवते. गाडी जाईल.’ ना आशीर्वाद, ना काळजी घे. फोन पुन्हा त्या बाईंच्या हातात गेला. ‘आल्झो, मग संध्याकाळच्या गाडीचं नक्की करू?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘नको. माझी आई हरवलेली नाही आणि बेघरही नाही. ती मोठ्या प्रवासाला निघालीय आणि स्वस्तात राहतेय. तिला माळाकडच्या गाडीचा फलाट तेवढा दाखवाल का?’ बाईंनी विचारलं, ‘म्हणजे एकट्याच? या वयात? पूर्ण जर्मनीभर?’ ‘गेनाऊ,’ मी म्हटलं, अगदी बरोबर. या देशात आल्यापासून हा शब्द मी हजारदा वापरला असेल, दुकानात, ऑफिसात, डॉक्टरकडे, नेहमी थोडा वाकून, समोरच्याचं बरोबर आहे हे कबूल करायला. आज पहिल्यांदा तो माझा होता. ‘मग तुम्हाला त्यांचा फार अभिमान वाटत असेल,’ बाई म्हणाल्या, आणि मोज्यांचं काही परत वगैरे करायचं नाही असंही म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी आंघोळीचं पाणी काढलं. टब नाही घेतला. न्हाणीघराच्या फरशीवर टॉवेल टाकून बसले, पाय लांब सोडले, सलवार गुडघ्यांपर्यंत घेतली. टाके ओढले. कौमुदीला पायांवर घेतली तेव्हा तिने अंग ताठ केलं. पहिला तांब्या मी पाठीवर न ओतता माझ्याच नडगीवर ओतला. दुसरा तिच्या पाठीवर. ती दचकली, मुठी वळल्या, श्वास धरला, मीही धरला. मग तिने तो सोडला. तिचं सगळं वजन माझ्या पायांच्या पन्हळीत उतरलं, पिकलेल्या फळासारखं, आणि तिचं रडणं थांबलं. अगदी शांत नाही, कुरकुरत होतीच, पण ती कुरकूर आता माझ्याशी होती. पाणी सगळीकडे झालं. शाम्पू आणायचा राहिला होता. मी तिच्या कानामागे पाणी लावत बसले आणि तिला सांगत राहिले की तुझी आजी आत्ता गाडीत आहे, बाहेर माळ आहे, बहुतेक मेंढ्या असतील. पाणी निवलं तेव्हा उठले.

हृषिकेश आला. त्याला सांगितलं, तो सॅक न उतरवता ऐकत उभा राहिला. ‘आणि तू बोलावलं नाहीस?’ ‘नाही.’ ‘शहाणी आहेस की वेडी?’ म्हणाला, आणि ओल्या न्हाणीघरात फरशी पुसायला गेला. तेवढ्यात स्काइप वाजलं. बाबांनी नेहमीसारखं सुरुवातीलाच विचारलं, ‘कुठे आहे ती? लागत नाही फोन. काही कळवलंय का?’ तिकडे रात्र झाली होती, मागे ट्यूबलाइट, स्वयंपाकघरात आईच्या बरण्या ओळीने. मी सगळं सांगितलं, मोज्यांसकट. ते हसले नाहीत.

‘म्हणजे आता येतेय ना ती परत?’

‘नाही, बाबा. मीच नको म्हटलं.’

‘अगं, पण तू एकटी, पोर लहान. मी बोललो असतो तर आली असती.’

‘हो. आली असती,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच सांगते, तुम्ही बोलावू नका.’

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला.

‘गवत कोरडं असतं ना गं तिथलं?’

‘असणार. का?’

‘ओल्या गवताने शिंका येतात तिला. लग्न ठरल्यावर सिंहगडावर गेलो होतो, तेव्हा कळलं. खाली उतरेपर्यंत शिंकत होती.’ ते थोडे पुढे झुकले. ‘फोन लागला तर निरोप दे. म्हणावं, वरच्या थरावर झोप. खालचं दमट असतं.’